सल आणि भरपाई

माणसाच्या हातून चूक घडली, ती त्याला उमगली आणि तिचे त्याला मनापासून वाईट वाटले. एवढ्याने त्याचे काम संपते काय? की वाईट वाटणे ही केवळ सुरुवात असून खरे काम पुढेच असते? प्रश्न जुना आहे आणि नीतिशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांनी त्याचा परामर्श घेतलेला आहे. माझी आणि त्याची खरी गाठ पडली ती मात्र शब्दकोशाच्या पानांत. इंग्रजी भाषेने कित्येक शतकांपूर्वी वापरातून काढून टाकलेले दोन शब्द तेथे मला भेटले. त्यांचा अर्थ लावता लावता, वयाच्या विसाव्या वर्षी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मला आठवली. ती गोष्ट ओघाने पुढे येईल. आधी त्या शब्दांची ओळख करून घेऊ.

इंग्लंडमधील कॅन्टरबरी येथे संत ऑगस्टीन यांच्या नावाचा बेनेडिक्टाइन मठ होता. त्या मठातील मायकल ऑफ नॉर्थगेट या व्रतस्थाने 27 ऑक्टोबर 1340 रोजी एक ग्रंथ लिहून पूर्ण केला. ग्रंथ स्वतंत्र नव्हता. फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याच्यासाठी लोरां नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूने 1279 मध्ये सद्गुण आणि दुर्गुण यांविषयी फ्रेंच भाषेत एक पुस्तक रचले होते. त्याचाच हा अनुवाद. राजासाठी लिहिलेले पुस्तक मायकलने केंट परगण्यातील साध्या बोलीत आणले, कारण लॅटिन आणि फ्रेंच न जाणणाऱ्या बापांना, आयांना आणि इतर आप्तांना पापापासून दूर राहता यावे, अशी त्याची इच्छा होती. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत आजही ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहे. अनुवाद म्हणून विद्वान या ग्रंथाला फारसे गुण देत नाहीत. त्यात चुका पुष्कळ आहेत. तथापि ग्रंथाचे नाव अमर झाले. ते नाव 'अयेनबाइट ऑफ इनविट'.

'अयेन' म्हणजे पुन्हा, 'बाइट' म्हणजे चावा. 'इन' म्हणजे आत आणि 'विट' म्हणजे जाण. आतल्या जाणिवेने पुन्हा पुन्हा घेतलेला चावा. सदसद्विवेकबुद्धीची टोचणी यासाठी लॅटिन भाषेत जो शब्द होता, त्याचाही मूळ अर्थ पुन्हा चावणे असाच आहे. मायकलने त्या शब्दाचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला आपल्या बोलीतला प्रतिशब्द दिला. आपल्या मराठीला हे परके वाटू नये. आपणही सहज म्हणून जातो, 'माझे मन मला खाते आहे.' कॅन्टरबरीच्या त्या मठवासीला हे मराठी वाक्य समजावून सांगावे लागले नसते.

'इनविट' या शब्दाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. नवव्या-दहाव्या शतकांतील जुन्या इंग्रजीत याच रूपाचा एक शब्द आढळतो. परंतु त्याचा अर्थ होता कपट. तो शब्द कालांतराने लोपला. पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास लोकांनी 'आत' आणि 'जाण' या दोन शब्दांची नव्याने सांगड घातली आणि तेच रूप अंतःकरणाच्या साक्षीसाठी वापरात आले. ज्या घरात पूर्वी कपट राहत होते, त्याच घरात विवेक राहावयास आला. पुढच्या शतकात विल्यम लँगलंड या कवीने 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात इनविटला देहरूपी किल्ल्याचा रखवालदार केले आणि त्याच काव्यात 'कॉन्शन्स' हे पात्रही निराळे उभे केले. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला हा 'कॉन्शन्स' हळूहळू बलवत्तर ठरला. रखवालदार गेला, पाहुणा घरधनी झाला. म्हणून इंग्रज माणूस विवेकशून्य झाला असे मात्र नाही. शब्द मेला म्हणजे गोष्ट मरतेच असे नाही, हे येथे प्रथमच नोंदवून ठेवतो. कारण जुन्या शब्दांच्या प्रेमात पडलेला माणूस ते फार लवकर विसरतो.

हा मेलेला शब्द पुन्हा जागा केला तो जेम्स जॉइस या आयरिश कादंबरीकाराने. 1922 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'युलिसिस' या कादंबरीतील स्टीफन हा तरुण विद्वान आहे, कवी आहे, कॅथलिक संस्कारांत वाढलेला आणि त्यांपासून दुरावलेला आहे. मरणशय्येवरील आईने गुडघे टेकून प्रार्थना करण्याची विनंती केली असता त्याने ती मानली नाही. ती सल त्याला दिवसभर पोखरते आणि तिला नाव देण्यासाठी तो मायकलच्या ग्रंथाचे नाव मनाशी घोळवीत राहतो. त्याच दिवशी दुपारी जुन्या पुस्तकांच्या गाड्यापाशी त्याला त्याची धाकटी बहीण भेटते. घरात खाण्याचे हाल आहेत. तरीही तिने एक पेनी खर्चून फ्रेंच शिकण्याचे फाटके पुस्तक घेतले आहे. बहीण बुडते आहे, तिला हात दिला पाहिजे, हे स्टीफनला स्वच्छ कळते. सकाळीच मिळालेला शाळेचा पगार, तीन पौंड बारा शिलिंग, त्याच्या खिशात आहे. टोचणीचा तो प्राचीन शब्द याही वेळी त्याच्या मनात उमटतो. हात मात्र खिशाकडे जात नाही. पैसे पुढे दारूत आणि भटकंतीत जातात.

प्रथम हा प्रसंग वाचला तेव्हा मी त्या शब्दाच्या सौंदर्याने भारून गेलो होतो. बहिणीकडे माझे लक्षच गेले नाही. पुष्कळ वर्षांनी पुन्हा वाचताना ध्यानात आले की, तेथे टोचणीला काही तोटा नाही. तोटा आहे तो दुसऱ्या कशाचा तरी. आणि ज्याचा तोटा आहे त्यालाही इंग्रजीत एकेकाळी नाव होते.

ते नाव 'डॅडबोट'. 'डॅड' म्हणजे कृती आणि 'बोट' म्हणजे दुरुस्ती, भरपाई, बिघडलेले पूर्ववत करणे. कृतीने केलेली भरपाई. दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक हा मठवासी आपल्या इंग्रजी प्रवचनांत प्रायश्चित्तासाठी हाच शब्द वापरतो. त्याच सुमारास शुभवर्तमानांचा जुन्या इंग्रजीत जो अनुवाद झाला, त्यात योहान बाप्तिस्ता रानात उभा राहून लोकांना 'डॅडबोट करा' असे सांगतो. पापनिवेदनासाठी इंग्रजीत जो जुना शब्द होता, 'श्रिफ्ट', तोही लक्षात घेण्याजोगा आहे. लिहिणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. पाप सांगणे हा अर्थ त्यात नंतर शिरला. आरंभी त्यात मुख्य होते ते धर्मगुरूने नेमून दिलेले प्रायश्चित्त. चूक बोलून दाखविण्यापेक्षा ती दुरुस्त कशी करावी, यावर त्या काळच्या भाषेचा भर होता.

मूळ ग्रीक शुभवर्तमानात योहानाच्या तोंडी जो शब्द आहे, त्याचा अर्थ मनाचा पालट असा होतो. लॅटिन अनुवादात त्याचे 'प्रायश्चित्त करा' झाले आणि चौदाव्या शतकातील विक्लिफच्या इंग्रजी बायबलाने तेच उचलले. पुढे 1526 मध्ये विल्यम टिंडेल याने थेट ग्रीकवरून भाषांतर करताना 'पश्चात्ताप करा' असा शब्द घातला. थॉमस मोर यांनी 1529 मध्ये या भाषांतरावर टीका केली, तेव्हा त्यांच्या आक्षेपांच्या यादीत हाही शब्द होता. टिंडेलला भय वाटे की, मन न पालटता माणसे केवळ बाह्य कर्मे उरकतील. मोर यांना भय वाटे की, केवळ मन पालटल्याच्या भावनेवर माणसे समाधान मानतील. दोघेही आपापल्या विवेकाला इतके प्रामाणिक होते की, दोघांनीही त्यापायी प्राण दिले. राजाला चर्चचा प्रमुख मानण्यास नकार दिल्यामुळे 1535 मध्ये मोर यांचा शिरच्छेद झाला. 1536 मध्ये टिंडेलला गळा आवळून मारण्यात आले व त्याचे शव जाळण्यात आले. आज शांतपणे विचार करता असे वाटते की, दोघांची भये खरी होती. माणूस दोन्ही बाजूंनी निसटू शकतो, आणि निसटतो.

कृतीच्या बाजूने माणूस कसा निसटतो, याची साक्ष 'बोट' हाच शब्द देतो. केंटचा राजा एथलबर्ट याने सुमारे इ.स. 600 मध्ये केलेले कायदे हे इंग्रजी भाषेतील सर्वांत जुने कायदे होत. कोणत्या दुखापतीला किती भरपाई, याची त्यांत लांबलचक यादी आहे. अंगठा तोडल्यास 20 शिलिंग, अंगठ्याचे नख गेल्यास 3, समोरच्या दातांपैकी एक पडल्यास 6. सुडाने पेटलेल्या कुळांना आवरण्यासाठी ही व्यवस्था होती आणि त्या काळी तिने पुष्कळ रक्तपात वाचविला असला पाहिजे. परंतु पुढच्या कायद्यांत माणसाच्या जिवाचीही प्रतवारी दिसते: सामान्य शेतकऱ्याचा जीव 200 शिलिंगांचा, तर सरदाराचा 1200 शिलिंगांचा. जिवाच्या या किमतीलाही स्वतंत्र शब्द होता, 'वेरगिल्ड', म्हणजे माणसाचे मोल. तो शब्द मेला हे बरेच झाले. सर्वच जुन्या शब्दांसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

प्रायश्चित्ताचेही तसेच होऊ लागले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी जुन्या इंग्रजीत लिहिलेल्या एका मार्गदर्शिकेत, सात वर्षांचा उपवास तीन दिवसांत कसा उरकावा, याची युक्ती बलवान माणसाला सांगितलेली आहे. त्याने प्रथम बारा माणसे घ्यावीत व त्यांनी तीन दिवस उपवास करावा; मग एकशेवीस माणसांच्या सात तुकड्या घ्याव्यात व त्यांनीही तीन-तीन दिवस उपवास करावा. हिशेब मांडून पाहिला तर 2556 दिवस होतात, म्हणजे सात वर्षे चोख भरतात. गणित बरोबर आहे. फक्त पाप करणारा माणूस त्यात कोठे सापडत नाही. चर्चला हा धोका दिसला नव्हता असेही नाही. 747 साली क्लोव्हशो येथे भरलेल्या इंग्लिश धर्मसभेने, दुसऱ्याच्या उपवासावर आपले पाप फेडू पाहणाऱ्या श्रीमंतांचा स्पष्ट शब्दांत निषेध केलेला आहे. तरीही ती युक्ती पुढे ग्रंथात शिरलीच. चावा नसलेली भरपाई ही अशी असते.

आता ती माझी गोष्ट सांगतो. मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकत होतो आणि सुटीत वसईला घरी आलो होतो. वडील आजारी होते. त्यामुळे वाडीतल्या मजुरांना शनिवारी आठवड्याची मजुरी देण्याचे काम माझ्याकडे आले. पूर्वेकडच्या एका पाड्यावरून एक बाई आमच्याकडे कामाला येत असे. तिने सहा दिवस काम केले होते. वहीत पाच मांडले होते. एका दिवशी पुस्तक वाचण्याच्या नादात तिची हजेरी मांडायची मी विसरलो होतो. मी पाच दिवसांचे पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने ते मोजले, पुन्हा मोजले, माझ्याकडे एकवार पाहिले आणि काही न बोलता पदराच्या गाठीला बांधून ती निघून गेली.

रात्री वही पाहताना चूक माझ्या ध्यानात आली. सोमवारी ती कामाला येईलच, तेव्हा देऊ, असे मी मनाशी ठरविले आणि जेवायला बसलो. घास काही उतरेना. आईने विचारले तेव्हा मी घडले ते सांगितले. ती म्हणाली, "मन खायला लागलं की माणसाला जेवण कसं जाईल? ऊठ, पैसे देऊन ये."

"सोमवारी येईलच की ती," मी म्हणालो.

"आणि तिची चूल काय सोमवारपर्यंत थांबणार आहे?"

बॅटरी घेऊन मी पाड्यावर गेलो. पैसे हातात घेताना ती बाई माझ्यावर रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं." मग समजले की, घरच्यांनी तिलाच बोल लावला होता: एक दिवस तू कामावर गेलीच नसशील. घरातली माणसे दारात उभी होती. त्या सर्वांच्या देखत मी सांगितले की, बाई सहाही दिवस कामावर होती, हिशेब माझा चुकला. एवढे बोलायला मला पैसे देण्यापेक्षा कितीतरी अधिक बळ लागले. मी मालकाचा मुलगा होतो आणि कॉलेजात शिकत होतो; माझा हिशेब चुकू शकतो, हे पाड्यावरच्या कोणाच्या मनातही आले नव्हते. बाईच्याही नाही.

परतताना वाटेत मला कळून चुकले की, मी तिची एका दिवसाची मजुरी तर ठेवून घेतली होतीच. पण तिच्या स्वतःच्या मोजणीवरचा विश्वास आणि घरातला तिचा शब्दही मी हिरावून घेतला होता. पैसे सोमवारी दिले असते तर ते फिटले असते. परंतु दोन रात्री एक खरी बाई स्वतःच्या घरात खोटी ठरून राहिली असती. घरी बसून माझे मन मला कितीही खात राहिले असते, तरी हे नुकसान मला कधीच दिसले नसते. ते दिसण्यासाठी पाड्यापर्यंत चालत जावे लागले. भरपाई ही टोचणीनंतरची केवळ वसुली नाही. आपण नेमके काय बिघडविले आहे, हे पुष्कळदा भरपाई करावयास गेल्यावरच कळते. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय चौपट परत देण्याची भाषा करतो, ती मला आता केवळ औदार्याची वाटत नाही. देण्यासाठी त्याला एकेका दारात जावे लागले असणार, आणि त्या दारांत त्याला स्वतःविषयी पुष्कळ काही समजले असणार.

'डॅडबोट' या एका शब्दात ज्या गोष्टी एकत्र नांदत होत्या, त्या पुढे वेगळ्या झाल्या. प्रायश्चित्त देवळात गेले, नुकसानभरपाई न्यायालयात गेली आणि पश्चात्ताप मनात जाऊन बसला. प्रत्येकाला स्वतंत्र शब्द मिळाला, भाषा संपन्न झाली. परंतु एकाचे दार लोटून दुसऱ्यात न शिरण्याची सोयही आपल्याला मिळाली. आता माणूस जपमाळेचे मणी ओढून प्रायश्चित्त पुरे करू शकतो आणि ज्याचे बिघडविले त्याच्या घराकडे फिरकतही नाही. मोठ्या संस्था भरपाईचा धनादेश देतात आणि त्यासोबत, आम्ही कोणतीही चूक कबूल करीत नाही, असे कलम जोडतात. पुढारी दिलगिरी व्यक्त करतात, तीही 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास'. आणि तुमच्या-माझ्यासारखी वाचती माणसे स्टीफनप्रमाणे आपली सल जोपासतात, तिला सुंदर शब्द शोधतात आणि हळव्या मनाचे प्रमाणपत्र स्वतःलाच देऊन टाकतात. आपले मन आपल्याला खाते, यातही आपण आपल्यापाशीच असतो. ज्याचे नुकसान झाले तो बाहेर उभाच राहतो.

आपल्या भाषेतील शब्द याबाबत काय सांगतात? 'पश्चात्ताप' म्हणजे नंतरचा ताप; तो भोगायचा असतो. 'प्रायश्चित्त' या शब्दाची पारंपरिक फोड तप आणि निश्चय अशी केली जाते. त्यात निदान पुढे काही करण्याचा निर्धार आहे. 'भरपाई' हा मात्र अगदी व्यवहारातला, जमाखर्चाच्या वहीतला शब्द. तो आपण धर्माच्या भाषेत सहसा येऊ देत नाही. फारच रोकडा वाटतो. कदाचित म्हणूनच तो तेथे यावयास हवा.

इंग्रजीत 'बोट' हा शब्द आज स्वतंत्रपणे जगत नाही. 'वर आणखी' अशा अर्थाच्या एका वाक्प्रचारात आणि 'व्यर्थ' या अर्थाच्या एका विशेषणात त्याचे अवशेष उरले आहेत. अधिक चांगले आणि सर्वांत चांगले यांसाठी इंग्रजीत जे शब्द रोज वापरले जातात, तेही त्याच कुळातले. बिघडलेले पूर्ववत करणे आणि चांगले होणे यांचे मूळ एक आहे, याची आठवण त्या शब्दांच्या पोटात अजून शिल्लक आहे. बोलणाऱ्याला मात्र ती नाही.

माझ्या आईने यांपैकी एकही शब्द कधी ऐकला नव्हता. तिच्यापाशी 'मन खाणे' होते आणि त्याला जोडूनच 'ऊठ' होते. मध्ये श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती. शब्द मेले तरी गोष्ट जगू शकते, असे मी आरंभी म्हटले, ते तिच्यामुळेच म्हणू शकलो. पण ती जगते कोठे? कोणीतरी ताटावरून उठून बॅटरी हाती घेते आणि रात्री पाड्याची वाट धरते, तेथे.